मदत यादीवरून चालते: टाळेबंदीतल्या सरकारी पैशाचा हिशेब



आजचा विषय जुना वाटेल, पण त्याबद्दलचे प्रश्न अजून थांबलेले नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत सरकारने जी मदत जाहीर केली, ती नक्की कुणापर्यंत गेली? शेजारच्या दुकानदाराला मिळाली, मग मला का नाही? सहा महिने हप्ते भरू नका म्हणाले, आणि नंतर कर्ज वाढलेलं कसं दिसलं? हैदराबाद, बडोदा, बेळगाव, ग्वाल्हेर, जिथे जिथे आपली मंडळी आहेत तिथून हेच विचारलं जातं. बहुतेकांच्या मनात एक शंका असते की मधल्या कुणीतरी पैसे खाल्ले. काही ठिकाणी तसं झालंही असेल. पण बहुतेक प्रकरणांत कारण वेगळं आणि साधं होतं. म्हणून आज योजनांची आरतीही नको आणि निंदाही नको. पैसा कोणत्या वाटेने गेला आणि कुठे अडला, एवढंच बघू.

आधी तो मोठा आकडा. १२ मे २०२० ला पंतप्रधानांनी २० लाख कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, म्हणजे देशाच्या सकल उत्पन्नाच्या साधारण १० टक्के. पुढचे पाच दिवस अर्थमंत्री निर्मला सीतारामन रोज तपशील सांगत होत्या. शेवटची बेरीज २०,९७,०५३ कोटी झाली. त्या वेळी मोबाइलवर एक गणित फिरत होतं: भागिले १३० कोटी, माणशी पंधरा हजार, आमचे कुठे गेले? गणित बरोबर, समज चुकीची. त्या बेरजेत ८,०१,६०३ कोटी हे रिझर्व्ह बँकेने बँकांना कर्जं देता यावीत म्हणून मोकळे केलेले पैसे होते. आणखी ३ लाख कोटी ही लघुउद्योगांच्या कर्जांना दिलेली हमी होती. या दोनच बाबींत निम्म्याहून जास्त आकडा संपला. हमी म्हणजे सरकारने आज पैसे दिले असं नाही. कर्जदाराने बुडवलं तर उद्या सरकार बँकेला देईल, असा तो शब्द आहे.

म्हणून कुठल्याही मदतीबद्दल पहिला प्रश्न हा विचारायचा: हातात रोख किंवा धान्य मिळणार आहे, कर्ज मिळणार आहे, की फक्त देणं पुढे ढकललं जाणार आहे? तिन्हीला बातमीत ‘दिलासा’ हा एकच शब्द वापरतात. घराच्या हिशेबात तिन्हींचा परिणाम वेगळा असतो.

सगळ्यात जास्त गैरसमज तिसऱ्या प्रकाराने केला, तेव्हा तो नीट पाहू. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने मुदत कर्जांचे हप्ते तीन महिने थांबवायची मुभा दिली. २२ मे ला ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. एकूण सहा महिने. हप्ता न भरल्याबद्दल कर्ज थकीत धरलं जाणार नव्हतं, पत खराब होणार नव्हती. पण व्याज थांबलेलं नव्हतं. हे सुरुवातीपासून लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात.

समजा एखाद्याने नुकतंच ३० लाखांचं गृहकर्ज घेतलं आहे, दर साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता साधारण २६,०३५ रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात २१,२५० रुपये नुसतं व्याज असतं. त्याने सहा महिने काहीच भरलं नाही, तर सहा महिन्यांनी कर्ज साधारण ३१ लाख ३० हजार होतं. आता हप्ता तोच ठेवला, तर फेडायला २४० ऐवजी २७० हप्ते लागतात. सहा हप्ते न भरण्याची किंमत तीस जादा हप्ते, म्हणजे पावणेआठ लाखांच्या वर. कर्ज जुनं असेल, मुद्दल बरंच फिटलेलं असेल, तर फटका पुष्कळ कमी. पगार खरोखर बंद झालेल्या माणसाला ही मुभा म्हणजे श्वास घ्यायला मिळालेली जागा होती, त्याने घेतली ते योग्यच. पण पगार चालू असताना ‘सरकार देतंय तर घेऊया’ म्हणून ज्यांनी घेतली, त्यांना ती फार महागात पडली. असे लोक मला बरेच भेटले, त्यात चांगले शिकलेलेही.

नंतर ‘व्याजावरचं व्याज माफ’ अशी बातमी आली. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण चालू असताना २३ ऑक्टोबर २०२० ला सरकारने २ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक देण्याची योजना काढली. ज्यांनी हप्ते नियमित भरले त्यांनाही तो मिळाला. २३ मार्च २०२१ ला न्यायालयाने ती २ कोटींची मर्यादाही काढून टाकली आणि त्या सहा महिन्यांचं चक्रवाढ व्याज कुणाकडूनच घेऊ नये असं सांगितलं. निर्णय मोठा होता. पण वरच्या ३० लाखांच्या उदाहरणात हा फरक किती येतो? साधारण २,३०० रुपये. सव्वा लाखाचं सरळ व्याज तसंच राहिलं. बातमीतला शब्द आणि पासबुकातली रक्कम यांत एवढं अंतर असू शकतं.

आता दुसरा प्रकार, कर्ज. लघुउद्योगांसाठी मे २०२० मध्ये इमर्जन्सी क्रेडिट लाइन गॅरंटी स्कीम आली. नाव लांबलचक आहे, आपण तिला हमी योजना म्हणू. तिची रचना अशी होती: २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या धंद्याच्या नावावर जेवढं कर्ज शिल्लक असेल, त्याच्या २० टक्के रक्कम बँक नवीन तारण न मागता देईल. शंभर टक्के हमी सरकारची. सुरुवातीला २५ कोटींपर्यंत कर्ज आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना ती लागू होती, पुढे मर्यादा वाढल्या. मुदत चार वर्षं, पहिलं वर्ष फक्त व्याज. बँकेचा व्याजदर ९.२५ टक्क्यांच्या वर जाणार नाही.

या योजनेचा एक भाग मला फार आवडला. अर्ज करायची गरज नव्हती. बँकेनेच ग्राहकाला कळवायचं की तुमच्या नावे एवढी रक्कम मंजूर आहे, नको असेल तर सांगा. आमच्या पलटणीतले एक निवृत्त सुभेदार इंदूरला दोन टेम्पो चालवतात. जून महिन्यात त्यांचा मला महूला फोन आला. “साहेब, बँकवाला न मागता पैसे देतो म्हणतोय. गडबड तर नाही ना?” मी म्हटलं, “सुभेदारसाहेब, तुम्ही स्वतः शाखेत जाऊन कागद बघा, फोनवर कुणालाही आकडे सांगू नका.” ते गेले, कागद खरा निघाला. गाड्या उभ्या होत्या, ड्रायव्हरांचे पगार द्यायचे होते, त्या पैशावर त्यांनी ते दिवस काढले. त्यांचे मेहुणे त्याच शहरात खानावळ चालवायचे. माणूस असा की आयुष्यात कर्ज काढलं नाही, त्याचा त्यांना अभिमान. त्यांना काय मिळालं? काहीच नाही. शून्याचे वीस टक्के शून्यच होतात. खानावळ बंद पडली.

या दोघांत लायक कोण, नालायक कोण, हा प्रश्नच नाही. एकाचं नाव बँकेच्या वहीत होतं, दुसऱ्याचं नव्हतं.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातले आपले गलाई बांधव डोळ्यासमोर आणा. सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत जाऊन बसली आहेत. तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत शहरांत त्यांची दुकानं सापडतील. समजा एकाच बोळात दोन दुकानं आहेत. एकाचं ५ लाखांचं कॅश क्रेडिट चालू आहे, त्याला १ लाख मिळेल. पहिलं वर्ष महिना पावणेआठशे रुपये व्याज, मग ३६ महिने साधारण ३,२०० चा हप्ता. बाजार उघडेपर्यंत भाडं आणि कारागिरांचं जेवण त्यातून निघेल. दुसऱ्याचं भांडवल पाहुण्यांकडून उसनं घेतलेलं, त्याचा व्यवहार शब्दावर चालतो. तो या योजनेच्या हिशेबी अस्तित्वातच नाही.

आकडे बघितले तर हे स्पष्ट होतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे देशात सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग होते ६ कोटी ३३ लाखांवर, त्यातले ९९ टक्क्यांहून जास्त सूक्ष्म. हमी योजना ३१ मार्च २०२३ पर्यंत चालली आणि तिचा लाभ साधारण १ कोटी १९ लाख कर्जदारांना मिळाला. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाचा जानेवारी २०२२ चा अंदाज होता की तिच्यामुळे साडेतेरा लाख उद्योग बुडता बुडता वाचले. म्हणजे योजना कामाची होती, माझ्या मते त्या काळातली सगळ्यात चांगली आखलेली योजना. फक्त ती ज्या यादीवरून चालली ती यादी बँकांची होती, आणि देशातल्या बहुतेक छोट्या धंद्यांचं नाव बँकेच्या कर्जखात्यात नव्हतंच.

कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचंही तसंच. १०० पर्यंत कामगार असलेल्या आणि त्यातल्या ९० टक्क्यांचा पगार १५ हजारांच्या आत असलेल्या आस्थापनांसाठी, मालक आणि कामगार दोघांचा मिळून २४ टक्के हिस्सा सरकारने मार्च ते ऑगस्ट २०२० असा सहा महिने भरला. १०१ कामगार असले की बाहेर. आणि हा कायदाच मुळात सर्वसाधारणपणे २० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागतो, म्हणजे सहा माणसांचं किराणा दुकान किंवा वर्कशॉप तसंही बाहेर.

इथे मला फौजेतली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण नागरी आयुष्यात तिच्यासारखं काही मला दिसलं नाही. सैन्यात ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाचा कागद असतो. जवान रुजू झाला, रजेवर गेला, लग्न झालं, मूल झालं, बदली झाली, प्रत्येक घटनेची पार्ट टू ऑर्डर निघते आणि अभिलेख कार्यालयात जाते. त्याचा भत्ता, त्याच्या कुटुंबाची पेन्शन, सगळं त्या नोंदीवर चालतं. लग्नाची नोंद राहून गेली आणि जवान शहीद झाला, तर त्याच्या पत्नीला स्वतःचं पत्नीपण सिद्ध करत फिरावं लागतं. ती दारात उभी असते, सगळ्या गावाला माहीत असतं, पण कागदावर ती नाही. म्हणून चांगला कंपनी कमांडर लढाईच्या आराखड्याइतकाच वेळ या कंटाळवाण्या कागदांना देतो. टाळेबंदीत सगळा देश त्या पत्नीसारखा दारात उभा होता.

ज्यांची नोंद आधीपासून होती, त्यांच्यापर्यंत मदत आश्चर्य वाटावं इतक्या वेगाने गेली. हे मान्य केलं पाहिजे. टाळेबंदी २५ मार्चला लागली, २६ मार्चला १ लाख ७० हजार कोटींचं गरीब कल्याण पॅकेज जाहीर झालं, आणि ३ एप्रिलपासून जनधन खातं असलेल्या महिलांच्या खात्यात ५०० रुपये पडू लागले. तीन महिने, महिना ५००, साधारण वीस कोटी खाती. गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकाप्रमाणे दिवस ठरवले होते: शेवटी ० किंवा १ असेल तर ३ एप्रिल, २ किंवा ३ असेल तर ४ एप्रिल, असं. शिस्तीचं काम. तरी ‘काढले नाहीत तर सरकार परत घेईल’ ही अफवा पसरलीच आणि बायका उन्हात रांगा लावून उभ्या राहिल्या. दीड हजारात तीन महिने कुणाचं घर चालत नाही, हेही तितकंच खरं. पण ही खाती नसती तर दीड हजारही गेले नसते. २०१४ मध्ये ती उघडली तेव्हा ‘रिकामी खाती’ म्हणून लोक हसत होते.

बांधकाम मजुरांचं उदाहरण याच्या उलट आहे. १९९६ च्या कायद्याप्रमाणे बांधकाम खर्चावर उपकर घेतला जात होता आणि तो मजुरांच्या कल्याण मंडळाकडे जमा होत होता. मार्च २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनीच सांगितलं की या निधीत सुमारे ३१ हजार कोटी रुपये आहेत आणि नोंदलेले मजूर साधारण साडेतीन कोटी. पैसा होता. राज्यांनी त्यातून नोंदणीकृत मजुरांना रोख दिली: दिल्लीने ५,०००, कर्नाटकाने आधी २,००० आणि मग ३,०००. पण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो आणि नोंदणीचं वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं. आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या शहरात, असं हिंडणाऱ्या गवंड्याला ९० दिवसांचा दाखला कोण देणार? ठेकेदार तर नाहीच, कारण दाखला दिला की त्याच्यावरची जबाबदारी सिद्ध होते. ज्याने इमारत बांधली त्याच्या नावाने उपकर जमा झाला, आणि नाव मात्र लागलं नाही.

पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, १३ एप्रिल २०२१ ला महाराष्ट्र सरकारने ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. फेरीवाले, घरेलू कामगार, बांधकाम मजूर, रिक्षावाले, प्रत्येकी १,५००. घोषणेतले शब्द नीट बघा: ‘नोंदणीकृत’ फेरीवाले, ‘नोंदणीकृत’ घरेलू कामगार, ‘परवानाधारक’ रिक्षाचालक. ज्याच्या नावावर परवाना आहे त्याला मिळणार. रात्रपाळीला भाड्याने रिक्षा चालवणाऱ्याच्या नावावर परवाना नसतोच. तुमच्या घरी पंधरा वर्षं पोळ्या करणाऱ्या मावशींची मंडळात नोंद आहे का, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

फेरीवाल्यांसाठी केंद्राने १ जून २०२० पासून स्वनिधी योजना आणली. १० हजारांचं खेळतं भांडवल, वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज सवलत, मग २० हजार, मग ५० हजार. इथे मात्र सरकारने एक शहाणपण केलं. ज्यांचं नाव पालिकेच्या सर्वेक्षणात नव्हतं, त्यांना पालिकेकडून शिफारसपत्र घेऊन येण्याची वाट ठेवली. यादी अपुरी आहे हे गृहीत धरून केलेली योजना, म्हणून ती मला वेगळी वाटते. २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे सर्वेक्षण सगळीकडे वेळेवर झालं असतं, तर ही पळवाट लागलीच नसती. गुजरातनेही असाच मार्ग काढला होता: छोट्या व्यावसायिकांना सहकारी बँकांमार्फत १ लाखापर्यंत कर्ज, त्यांच्याकडून व्याज २ टक्के, वरचे ६ टक्के राज्य भरणार. सहकारी बँकेचा अधिकारी गल्लीतल्या माणसाला तोंडाने ओळखतो, तेही एक प्रकारचं रजिस्टरच.

आता सगळ्यात कठीण भाग.

मी राहतो त्या महूजवळून मुंबई-आग्रा रस्ता जातो. मे २०२० मध्ये महाराष्ट्रातून निघालेले मजूर बीजासन घाट चढून सेंधव्यावरून याच रस्त्याने उत्तरेकडे चालले होते. सायकलवर, ट्रकच्या टपावर, पायी. इंदूर बायपासवर लोकांनी जेवण, पाणी, चपला वाटल्या. आम्ही काही निवृत्त मंडळीही तिथे उभे राहत होतो. एका तरुणाला मी विचारलं, रेशन कार्ड आहे का? त्याने पिशवीतून प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं कार्ड काढून दाखवलं. बस्ती जिल्ह्यातलं. चालू कार्ड. तो जिथे काम करत होता त्या भिवंडीत त्याचा उपयोग नव्हता, आणि जिथे उपयोग होता ते गाव अजून शेकडो किलोमीटर लांब होतं.

सरकारी गोदामांत धान्य नव्हतं असं नाही, भरपूर होतं. ८० कोटी लोकांना माणशी महिना ५ किलो मोफत धान्य एप्रिलपासून सुरू झालं आणि पुढे डिसेंबर २०२२ पर्यंत मधला काही काळ सोडून चालू राहिलं. माझ्या मते या सगळ्या काळातली सगळ्यात मोठी आणि खरी मदत हीच. पण ती रेशन कार्डावर होती. ज्यांच्याकडे कार्ड नाही किंवा हाताशी उपयोगाचं नाही अशा साधारण ८ कोटी स्थलांतरितांसाठी वेगळ्या धान्याची घोषणा झाली १४ मे ला. टाळेबंदी लागून पन्नास दिवस झाले होते. श्रमिक गाड्या १ मे ला सुरू झाल्या. ८ मे च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडच्या शिवारात रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशातले हे लोक भुसावळला गाडी मिळेल म्हणून चालत निघाले होते. सप्टेंबरमध्ये संसदेत विचारलं गेलं की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले. कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर होतं, अशी आकडेवारी उपलब्ध नाही.

खरं तर यादी करायचा कायदा १९७९ पासून होता. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा. ठेकेदाराने परवाना घ्यायचा, प्रत्येक मजुराची नोंद ठेवायची, फोटो लावलेलं पासबुक त्याच्या हातात द्यायचं, विस्थापन भत्ता द्यायचा, प्रवासखर्च द्यायचा. चाळीस वर्षांत हे गंभीरपणे झालं असतं, तर २५ मार्चच्या सकाळी प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर त्याच्या जिल्ह्यातल्या बाहेरच्या मजुरांची यादी असती. मी यात एका सरकारला धरत नाही. चाळीस वर्षांत सगळ्यांची सरकारं येऊन गेली.

फौजेत जवान बदलीवर निघाला की त्याच्या खिशात मूव्हमेंट ऑर्डर असते. वाटेत कुठल्याही ट्रान्झिट कॅम्पमध्ये ती दाखवली की त्याला जेवण आणि झोपायला जागा मिळते. दुसऱ्या पलटणीत तात्पुरता पाठवला तर कागदावर ‘रेशन आणि शिस्तीसाठी संलग्न’ असं लिहिलेलं असतं. त्याचं धान्य त्याच्याबरोबर हलतं. ‘एक देश एक रेशन कार्ड’ ही कल्पना तीच आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ती ऑगस्ट २०१९ पासून चालू होती. पण सगळी राज्यं त्यात यायला जून २०२२ उजाडला, शेवटचं आसाम. म्हणजे गरज होती तेव्हा रस्ता अर्धाच बांधलेला होता.

घरी पोचलेल्यांना मात्र एक जुनी योजना उपयोगी पडली. रोजगार हमी. २०२०-२१ मध्ये तिच्यातून ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघालं, खर्च १ लाख ११ हजार कोटींच्या घरात गेला. महाराष्ट्राने १९७० च्या दशकात जे सुरू केलं, ते अशा प्रकारे सगळ्या देशाच्या कामी आलं. मागेल त्याला काम, म्हणून तिथे आधीची यादी अपुरी असली तरी अडत नव्हतं, मागणारा स्वतः येऊन नाव लावत होता. शहरांसाठी मात्र असं काही देशपातळीवर नव्हतं, आजही नाही.

काही जण विचारतात, ब्रिटनने घरी बसलेल्या कामगारांना ८० टक्के पगार दिला, महिना २,५०० पौंडांपर्यंत, मग आपण का नाही? पैशाचा फरक आहेच. पण समजा आपल्याकडे तेवढा पैसा असता, तरी दिला कुणाच्या खात्यात असता? तिथे प्रत्येक पगाराची माहिती मालकाने कर खात्याला पगाराच्या दिवशीच कळवलेली असते. अमुक तारखेला पगारपत्रकावर असलेला, एवढं म्हटलं की काम झालं. आपल्याकडे बहुसंख्य कामगारांचं पगारपत्रकच नसतं.

जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंघटित कामगारांच्या नोंदणीला दिरंगाई केल्याबद्दल केंद्राला फटकारलं, आणि २६ ऑगस्ट २०२१ ला ई-श्रम पोर्टल सुरू झालं. आज त्यावर ३० कोटींहून जास्त नोंदी आहेत. वय १६ ते ५९, भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआयचा सदस्य नाही, आयकर भरत नाही, असा कुणीही नोंद करू शकतो. आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल असला की घरून, नाहीतर सेवा केंद्रात. पैसे लागत नाहीत. धंदा करणाऱ्यांसाठी तसंच उद्यम पोर्टल आहे, १ जुलै २०२० पासून, तेही फुकट. कुणी ‘नोंदणी करून देतो’ म्हणून हजार-दोन हजार मागत असेल तर त्याला वाटेला लावा.

ई-श्रमचं कार्ड हातात आलं म्हणजे मदत मिळते असं नाही. ती फक्त नोंद आहे, आणि नोंद जुनी झाली की निरुपयोगी होते. गावाचा पत्ता, बंद पडलेला नंबर, पाच वर्षांपूर्वीचा व्यवसाय असं राहून गेलेलं असतं. तेव्हा तुमच्या घरी काम करणाऱ्या बाई, सोसायटीचे वॉचमन, दुकानातली पोरं यांच्यापैकी एकेकाला रविवारी समोर बसवा आणि मोबाइलवर एवढं तपासा: मोबाइल नंबर चालू आहे का, आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का, ई-श्रमवर व्यवसाय आणि सध्याचा पत्ता बरोबर आहे का, रेशन कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का. एका माणसाला अर्धा तास लागतो. माझ्याकडे परवा जे वॉचमन आले होते, त्यांच्या ई-श्रमवर अजून ‘शेतमजूर’ लिहिलेलं होतं आणि मोबाइल नंबर गावी राहिलेल्या भावाचा होता.

जय हिंद.